पाहणारा आणि पळणारी

रोममधली रात्र. सॅम डॅलमस हा अमेरिकी लेखक पायी घरी चालला आहे. रस्त्यापलीकडच्या कलादालनाची दर्शनी बाजू पूर्ण काचेची आहे आणि आत लख्ख उजेड. जिन्याच्या वरच्या टोकाला पांढऱ्या कपड्यांतली एक बाई आणि काळ्या कोटातलं कुणीतरी यांची झटापट चालली आहे. दोघांच्या हातांमध्ये सुरा आहे. सॅम धावत सुटतो, बाहेरचं काचेचं दार ओलांडतो आणि ते त्याच्या पाठीमागे बंद होतं. आतलं दारही उघडत नाही. दोन काचांच्या मधल्या जागेत तो अडकतो. आत ती बाई रक्तबंबाळ अवस्थेत जमिनीवरून सरपटत त्याच्याकडे हात करते आहे. त्याला सगळं दिसतं, करता मात्र काहीच येत नाही. पुढचा सगळा चित्रपटभर तो हे एकच दृश्य आठवणीत पुन्हा पुन्हा फिरवून पाहतो. त्यात काहीतरी चुकतं आहे याची त्याला खात्री आहे, पण काय ते हाती लागत नाही. दारिओ आर्जेन्तोचा हा पहिला चित्रपट, 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज', १९७० सालचा.

आता अमेरिका, १९७८. जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन'. इलिनॉय राज्यातलं हॅडनफील्ड नावाचं काल्पनिक गाव. दिवसाची वेळ, झाडांच्या रांगा, हिरवळीमागची टुमदार घरं. लॉरी मैत्रिणीबरोबर शाळेतून घरी चालली आहे. पुढे रस्त्याकडेच्या झुडपाच्या कुंपणाआडून पांढऱ्या मुखवट्याचा एक माणूस बाहेर येतो, क्षणभर उभा राहतो आणि मागे सरतो. लॉरीला तो दिसतो. मैत्रीण बघायला जाते तेव्हा तिथे कुणी नसतं. हा कोण आहे हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच समजलेलं आहे: मायकल मायर्स. पंधरा वर्षांपूर्वी त्याने याच गावात सख्ख्या बहिणीला भोसकून मारलं आणि काल रात्री तो मनोरुग्णालयातून पळाला. लॉरीला यातलं काहीही ठाऊक नाही.

या दोन प्रसंगांत आठ वर्षांचं आणि एका महासागराचं अंतर आहे. इटलीचा जाल्लो आणि अमेरिकेचा स्लॅशर ही खुनाच्या चित्रपटांची दोन घराणी नेहमी एकत्र घेतली जातात. दोन्हींत एकामागून एक खून पडतात, दोन्हींत खुनी चेहरा लपवतो, दोन्हींत सुरे-चाकू चालतात आणि कॅमेरा अधूनमधून खुन्याच्या डोळ्यांत जाऊन बसतो. त्यामुळे स्लॅशर म्हणजे जाल्लोची स्वस्त अमेरिकी नक्कल, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. रक्त किती सांडलं किंवा हत्यार कुठलं यावरून या दोघांतला भेद कळणार नाही. कुणाला काय माहीत आहे, हे पाहिलं की तो चटकन कळतो. जाल्लोमध्ये प्रेक्षक साक्षीदाराइतकाच चाचपडत असतो, आणि चित्रपट त्या दोघांनाही एकच प्रश्न विचारतो: तू नेमकं काय पाहिलंस? स्लॅशरमध्ये प्रेक्षकाला पडद्यावरच्या माणसांपेक्षा जास्त माहीत असतं, आणि उरतो फक्त एक प्रश्न: यांतलं कोण वाचेल? (या प्रकरणात बरेच खुनी उघडे पडणार आहेत. रहस्याची बांधणी समजावून घ्यायची तर त्याला इलाज नाही.)

जाल्लोचं मूळ पुस्तकांत आहे. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकादंबऱ्यांची एक माला सुरू केली आणि त्या पिवळ्या रंगावरूनच इटालियन लोक रहस्यकथेला 'जाल्लो' म्हणू लागले. मालेत बहुतेक लेखन इंग्रजीतून भाषांतरित: एस. एस. व्हॅन डाइन, एडगर वॉलेस, पुढे अगाथा ख्रिस्ती. मुसोलिनीच्या राजवटीने १९४१ मध्ये ही माला बंद पाडली आणि महायुद्धानंतर ती पुन्हा निघू लागली. इटलीत आजही कुठलीही रहस्यकथा जाल्लोच. बाहेरच्या चित्रपटरसिकांनी मात्र हे नाव साधारण १९६३ ते १९८२ या काळातल्या एका विशिष्ट जातीच्या इटालियन थरारपटांना लावलं, आणि इथेही ते त्याच अर्थाने वापरलं आहे.

या जातीचा पहिला चित्रपट मारिओ बावाचा. बावा १९१४ साली सानरेमोत जन्मला; वडील शिल्पकार, पुढे चित्रपटांतले कॅमेरामन आणि करामती दृश्यांचे कारागीर. बावाही आधी कॅमेरामनच होता, आणि दिग्दर्शक झाल्यावरही त्याच्यातला कॅमेरामन कधी मागे हटला नाही. त्याच्या १९६३ सालच्या 'द गर्ल हू न्यू टू मच' या चित्रपटाची नायिका नोरा ही रहस्यकादंबऱ्या वाचण्याचा नाद असलेली अमेरिकी तरुणी. ती रोमला येते आणि तिथे रात्रीच्या अंधारात तिच्यासमोर एक खून होतो. तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. परक्या शहरातला परदेशी माणूस, डोळ्यांसमोर घडलेला गुन्हा आणि स्वतःच्याच नजरेबद्दल आलेली शंका हा जाल्लोचा सांगाडा इथे पहिल्यांदा उभा राहिला.

त्यावर रंग चढला पुढच्या वर्षी. १९६४ च्या 'ब्लड अँड ब्लॅक लेस'मध्ये बावाने रोममधल्या एका उंची फॅशन हाउसमधल्या मॉडेलांच्या खुनांची मालिका दाखवली. खुनी हॅट घालतो, लांब कोट घालतो, हातात काळे मोजे, आणि चेहऱ्यावर नाक-डोळे काहीच न दिसणारं पांढरं कापड. कथेला निमित्त आहे एका रोजनिशीचं. पहिल्या बळीने तिच्यात सगळ्यांची लफडी, कर्जं, व्यसनं लिहून ठेवलेली, त्यामुळे प्रत्येकाला ती हवी आहे. पण बावाचा जीव रोजनिशीत नाही, उजेडात आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानात एका मुलीचा पाठलाग होतो तेव्हा बाहेरचा दिवा लागतो-विझतो आणि त्यासरशी आतले पुतळे, पडदे, कपाटं हिरवी, जांभळी, तांबडी होत जातात. खुनाला इतकं देखणं करावं का, हा प्रश्न तेव्हापासून या चित्रपटांच्या मागे लागला आहे. तो योग्य प्रश्न आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

बावाचे चित्रपट इटलीत फार चालले नाहीत. जाल्लोची लाट आणली आर्जेन्तोने. तो रोममधल्या 'पाएजे सेरा' या दैनिकात चित्रपट-समीक्षा लिहायचा. सेर्जिओ लेओने आणि बेर्नार्दो बेर्तोलुच्ची यांच्यासोबत 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची कथा त्याने बेतली होती. पहिला चित्रपट केला तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. छायाचित्रण वित्तोरिओ स्तोरारोचं आणि संगीत एन्नियो मोरिकोनेचं. चित्रपट जोरात चालला. इटालियन चित्रपटधंद्याची रीतच अशी, की एक शीर सापडली की सगळे तिथेच खणायचे. आधी हर्क्युलीसछाप पौराणिक मारामारीपट, मग वेस्टर्न, आता जाल्लो. १९७१ ते १९७३ या तीन वर्षांत डझनावारी निघाले, आणि आर्जेन्तोच्या अनुकरणाने नावांत प्राण्यांची जत्रा भरली: मांजर, सरडा, विंचू, माश्या.

'क्रिस्टल प्लुमेज'मधल्या काचेमागच्या दृश्याचं उत्तर साधं आणि धक्का देणारं आहे. पांढऱ्या कपड्यांतल्या बाईवर हल्ला होत नव्हता; हल्ला तीच करत होती. काळ्या कोटातला माणूस तिचा नवरा, आणि तो तिला आवरत होता. सॅमने पाहिलं ते सगळं खरं होतं. पण पुरुष आणि बाई, काळा आणि पांढरा, सुरा आणि जखम यांची जुळणी त्याच्या मनाने आपल्या सवयीने करून टाकली. डोळ्यांनी चूक केली नाही, चूक अर्थ लावण्यात झाली.

आर्जेन्तोने १९७५ साली 'डीप रेड'मध्ये हीच गोष्ट पुन्हा केली, आणि यावेळी त्याने प्रेक्षकालाच साक्षीदार करून सोडलं. मार्कस हा इंग्रज पियानोवादक रात्री एका चौकात उभा आहे. कथेत शहर रोम आहे, चौक मात्र तोरिनोमधला आहे. पो आणि दोरा या नद्यांचे दोन भव्य पुतळे असलेला. वरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना त्याला दिसतो. तो जिना चढून धावत घरात शिरतो, चित्रांनी भरलेल्या लांब बोळातून जातो आणि प्रेतापाशी पोहोचतो. नंतर त्याला वाटत राहतं की बोळातलं एक चित्र नाहीसं झालं आहे. सगळा चित्रपट तो त्या चित्राच्या मागावर आहे. शेवटी कळतं की ते चित्र नव्हतंच. भिंतीवरच्या रंगवलेल्या चेहऱ्यांच्या मधोमध एक आरसा होता आणि त्यात खुनी बाईचा चेहरा पडला होता. ती तिथेच, कोपऱ्यात उभी होती.

आता यातली खरी करामत. तो चेहरा चित्रपटात सुरुवातीलाच, मार्कस बोळातून धावतो तेव्हा, पडद्यावर दिसतो. दिग्दर्शकाने काही लपवलेलं नाही. चित्रपट पुन्हा लावून ते दृश्य थांबवलं की ती आपल्याकडे बघत असते. आपण ती पाहिली आणि चित्र समजून पुढे गेलो. अगाथा ख्रिस्तीच्या पद्धतीच्या रहस्यकथेत लेखक पुरावा शब्दांत दडवतो; इथे पुरावा उघड्यावर आहे आणि तो दडवण्याचं काम आपल्याच लक्ष नसण्याने केलं. खुनाच्या चित्रपटांत इतका प्रामाणिक डाव मी दुसरा पाहिलेला नाही. म्हणून जाल्लोचा विषय खून हा नव्हेच, असं माझं मत आहे. त्याचा विषय नजर आहे. खून हा नजरेला पणाला लावण्याचा प्रसंग.

अशा चित्रपटांना नेमका तोच काळ का मानवला असेल? १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियात्सा फोंतानामधल्या एका बँकेत बॉम्बस्फोट होऊन १७ माणसं मेली. पोलिसांनी आधी अराजकवाद्यांना पकडलं. त्यांतला जुझेप्पे पिनेल्ली चौकशी चालू असताना पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मरण पावला. पुढे या स्फोटामागे नवफॅसिस्टांचा हात असल्याचं न्यायालयांत पुढे आलं, पण त्याला वर्षानुवर्षं गेली. 'क्रिस्टल प्लुमेज' त्या स्फोटानंतर दोनेक महिन्यांत प्रदर्शित झाला. तो स्फोटातून जन्मला नव्हता. पण तो पाहायला बसलेला प्रेक्षक स्फोटानंतरचा होता. सगळ्यांच्या देखत घडलेल्या गोष्टीचा सरकारी अर्थ एक आणि खरा अर्थ भलताच, हे त्या प्रेक्षकाला वर्तमानपत्रातून दररोज कळत होतं. जाल्लोमधले पोलीस क्वचितच दुष्ट असतात, पण त्यांच्या हाती काही लागत नाही. खरं शोधायचं काम पियानोवादक, लेखक, पत्रकार अशांवर येऊन पडतं.

चित्रपटगृहांचाही वाटा आहे. इटलीत तेव्हा चित्रपट आधी मोठ्या शहरांतल्या पहिल्या फेरीच्या थिएटरांत लागायचा, मग दुसऱ्या, मग उपनगरांतल्या आणि खेड्यांतल्या तिसऱ्या फेरीच्या. मिकेल कोव्हन यांनी २००६ साली 'ला दोल्चे मोर्ते' या पुस्तकात दाखवलं आहे की जाल्लोची बांधणी या तिसऱ्या फेरीच्या प्रेक्षकाला धरून होती. तिथे लोक गप्पा मारत, उठून बाहेर जात, मध्येच परत येत. म्हणून कथा सैल आणि खुनाचे प्रसंग मात्र एकेक रचून, सजवून, संगीतासह केलेले. तेवढ्यापुरतं सगळं सभागृह गप्प. शिवाय आवाज चित्रीकरणाच्या वेळी न घेता नंतर भरण्याची तिकडची पद्धत. त्यामुळे इंग्रज, जर्मन, स्पॅनिश, अमेरिकी नट आपापल्या भाषेत बोलून मोकळे होत आणि चित्रपट सगळ्या देशांत विकता येई. परदेशी नायकाचं हे व्यावहारिक कारण. पण कलेत अनेकदा होतं तसं, धंद्याच्या सोयीतून आशय आला: परक्या गावात आलेल्या माणसालाच आजूबाजूचं सगळं बारकाईने पाहावं लागतं, आणि चुकीचं समजण्याचा धोकाही त्यालाच जास्त.

जाल्लोकडून स्लॅशरकडे नेणारा पूलही बावानेच बांधला. १९७१ चा 'अ बे ऑफ ब्लड'. खाडीकाठची एक मौल्यवान जमीन, तिच्यावर डोळा ठेवून बसलेले वारस आणि दलाल, आणि तेरा खून. इथे खुनी एक नाही. जवळपास जो तो दुसऱ्याला मारतो आहे. कोण, हा प्रश्नच बावाने निकालात काढला. मधेच चार तरुण-तरुणी मौजेसाठी तिथे येतात. त्यांचा जमिनीशी काडीचा संबंध नाही, तरी एकेक करून मारले जातात; एका जोडप्याला पलंगावरच एका भाल्यात ओवलं जातं, एकाच्या तोंडावर कोयता बसतो. दहा वर्षांनी 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागात हे दोन्ही खून जवळजवळ तसेच्या तसे पुन्हा दिसले.

दुसरा पूल सेर्जिओ मार्तिनोचा १९७३ चा 'टॉर्सो'. पहिला दोन-तृतीयांश भाग पेरुजाच्या विद्यापीठातला सरळ जाल्लो: संशयित भरपूर, मानेभोवतीचा रुमाल हा धागा. मग चार मैत्रिणी डोंगरावरच्या बंगल्यात जातात. जेन पाय मुरगळल्यामुळे औषध घेऊन वर झोपली आहे. सकाळी उठून खाली येते तर तिघी मेलेल्या. खुनी परत येतो आणि ती घरात आहे हे त्याला माहीत नाही. त्यानंतर बराच वेळ चित्रपटात संवाद जवळपास नाहीतच. ती श्वास रोखून, लंगडत, दाराआडून त्याला पाहते आहे. शोध संपला, जगणं सुरू झालं. एकाच चित्रपटात एक जात संपून दुसरी सुरू होताना पाहायची असेल तर ती इथे दिसते.

समुद्रापलीकडे वेगळी मुळंही होतीच. हिचकॉकचा 'सायको' दोघांचाही पूर्वज. १९७४ साली कॅनडात बॉब क्लार्कने 'ब्लॅक ख्रिसमस' केला: विद्यार्थिनींचं वसतिगृह, माळ्यावर लपलेला माणूस, घरातल्याच फोनवरून येणारे किळसवाणे कॉल. तो कोण हे शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. इटलीत असं झालं असतं तर प्रेक्षकाने खुर्च्या मोडल्या असत्या, कारण जाल्लोत उत्तर हे देणं असतं. त्याच वर्षी टोबी हूपरचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' आला आणि शेवटी रक्ताने माखलेली, हसत-किंचाळत ट्रकमधून निसटणारी सॅली पुढच्या कित्येक नायिकांची थोरली बहीण ठरली.

मग 'हॅलोविन'. खर्च सुमारे तीन लाख डॉलर, चित्रीकरणाला जेमतेम तीन आठवडे, आणि एकट्या अमेरिकेत कमाई सुमारे पावणेपाच कोटी डॉलर. मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दोन डॉलरच्या आतला बाजारी मुखवटा, पांढरा रंगवलेला. हाच कार्पेंटर जाल्लो ओळखून होता, याला पुरावा आहे: १९७८ सालीच त्याच्या कथेवर 'आइज ऑफ लॉरा मार्स' प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कमधल्या एका फॅशन फोटोग्राफर बाईला खुन्याच्या डोळ्यांतून खून दिसू लागतात, अशी ती कथा. मॉडेलं, झगमगाट, नजर, आणि शेवटी अनपेक्षित खुनी. यापेक्षा पक्का अमेरिकी जाल्लो शोधून सापडणार नाही. म्हणजे एकाच माणसाने एकाच वर्षी दोन्ही वाटा पाहिल्या होत्या. 'हॅलोविन' करताना त्याने रहस्य जाणूनबुजून टाकून दिलं.

सुरुवातीचा लांबलचक शॉट पाहा. कॅमेरा कुणाच्या तरी डोळ्यांतून घराभोवती फिरतो, स्वयंपाकघरातून सुरी घेतो, मुखवटा चढवतो, वर जाऊन मुलीला भोसकतो. हे सगळं इटलीहून आलेलं. पण मग मुखवटा काढला जातो आणि मागे सहा वर्षांचं पोर उभं. जाल्लोत शेवटच्या दहा मिनिटांत फुटणारं गुपित इथे पाचव्या मिनिटाला फोडलं, आणि तरी काहीच उलगडलं नाही. त्याने का मारलं? त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर लूमिस पंधरा वर्षं त्याच्यासमोर बसूनही एवढंच म्हणू शकतो की तो केवळ दुष्टपणा आहे. जाल्लोतल्या खुन्याला नेहमी काहीतरी हवं असतं, नाही तर लहानपणी काहीतरी झालेलं असतं: वारसा, ब्लॅकमेल, जुना अत्याचार. मायकलला काही नको आहे. नामावलीत मुखवटा घातलेल्या मायकलला नावही नाही, नुसता 'आकार'.

त्यानंतर कार्पेंटर करतो काय, तर त्या आकाराला रुंद पडद्याच्या कडेला उभं करतो. लॉरी मुलांना सांभाळते आहे, फोनवर बोलते आहे, आणि मागच्या अंधाऱ्या दारात हळूहळू पांढरा चेहरा उमटतो. तिला दिसत नाही, आपल्याला दिसतो. जाल्लोचा प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांवर रागावतो. स्लॅशरचा प्रेक्षक ओरडतो, मागे बघ! म्हणून स्लॅशर भरलेल्या थिएटरात, गोंगाटात पाहायची गोष्ट झाली, आणि अमेरिकेतल्या कुमारवयीन पोरांनी ती डोक्यावर घेतली. शहरातल्या परक्या माणसाच्या जागी आपल्याच आळीतली मुलगी आली, चामडी मोजे आणि वस्तऱ्याच्या जागी स्वयंपाकघरातली सुरी, कोयता, खाणीतली कुदळ आली. पैसा आणि वारसा गेले. सण, सुट्टी, शिबिर आले.

'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) या बाबतीत मधल्यामध्ये लोंबकळतो. 'हॅलोविन'चं यश पाहून शॉन कनिंगहॅमने पटकथा लिहून होण्याआधीच चित्रपटाची जाहिरात छापली होती. सरोवराकाठचं शिबिर, तरुण सहायक, एकेक करून पडणारे. पण इथे खुनी लपवलेला आहे, जाल्लोसारखा. आणि तो निघतो एक आई, जिचा मुलगा जेसन सहायकांच्या हलगर्जीपणामुळे बुडाला होता. 'डीप रेड'मध्येही खुनी एक आईच होती. फरक इतकाच, पण फार मोठा: मिसेस वूरहीज शेवटच्या भागाआधी चित्रपटात येतच नाही. तिला ओळखण्याची कसलीही संधी प्रेक्षकाला मिळालेली नसते. जाल्लोने हे कधी केलं नसतं, कारण आरशात चेहरा दाखवण्याचा करार तो पाळतो. पॅरामाउंटने हा साडेपाच लाख डॉलरचा चित्रपट देशभर लावला, तो अमेरिकेत चार कोटींच्या घरात गेला आणि कारखाने सुरू झाले. जेसन पुढच्या भागात उठला, हॉकीचा मुखवटा त्याला १९८२ च्या तिसऱ्या भागात मिळाला.

उत्तर सापडलं की जाल्लोचा खुनी संपतो. त्याच्यात परत यायला काही उरत नाही. जाल्लोत परत परत येतो तो दिग्दर्शक. स्लॅशरच्या खुन्याला कारणच नसल्याने तो संपत नाही, आणि हळूहळू माणूसपण सोडून भूत होतो: 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा फ्रेडी स्वप्नांत, 'चाइल्ड्स प्ले'चा चकी बाहुलीत. याच वाटेने हे घराणं मराठीतही आलं आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा 'चाइल्ड्स प्ले'च्या खुन्याचा वंशज. मरता मरता बाहुल्यात शिरलेला गुंड. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने त्याला इथलं करून टाकलं, आणि त्याला दुसरा भागही मिळाला. जाल्लोचा असा मराठी वारसदार मला दिसत नाही, याची खंत वाटते. रहस्यकथेवर वाढलेल्या वाचकांची आपली परंपरा मोठी आहे.

आता तो टाळून ठेवलेला प्रश्न. दोन्हींत बायका मारल्या जातात, देखण्या बायका, आणि कॅमेरा तिथे रेंगाळतो. १९८० साली जीन सिस्कल आणि रॉजर ईबर्ट या समीक्षकांनी अमेरिकी टीव्हीवर एक पूर्ण भाग अशा चित्रपटांच्या निषेधासाठी दिला, आणि त्यांचा राग खरा होता. बावाच्या रंगीत उजेडातला मृत्यू सुंदर आहे, आणि त्या सौंदर्याने मरणाऱ्या बाईचं दुःख पुसून टाकलं जातं, हे मी नाकारू शकत नाही. जाल्लो बाईला निदान खुनी होण्याइतकं मन देतो. तिचा भूतकाळ, तिचा संताप कथेचं केंद्र होतो. स्लॅशरने वेगळं काही दिलं. कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात आणि मग १९९२ च्या 'मेन, विमेन अँड चेन सॉज' या पुस्तकात शेवटपर्यंत उरणाऱ्या त्या एकट्या मुलीला 'फायनल गर्ल' म्हटलं आणि मांडलं की तरुण पुरुष प्रेक्षक शेवटी खुन्याच्या बाजूने राहत नाहीत, तिच्याबरोबर पळतात, तिच्याबरोबर घाबरतात, तिच्या हाताने वार करतात. सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांत असतो, शेवटी तिच्या. 'टॉर्सो'तल्या जेनला वाचवायला पुरुष येतो. 'फ्रायडे'मधली अ‍ॅलिस कोयता स्वतः उचलते. या स्थित्यंतराचं श्रेय स्लॅशरला द्यायलाच हवं.

पण हिशेबात एक गोष्ट गहाळ झाली. साक्षीदार. मुलगी पळते, लढते, जिंकते. तिने आधी काय पाहिलं आणि त्याचा काय अर्थ लावला, हे कुणी विचारत नाही. १९७६ नंतर इटलीत खासगी टीव्ही वाहिन्या फुटल्या, तिसऱ्या फेरीची थिएटरं ओस पडली आणि जाल्लो आटला. आर्जेन्तोने १९८२ मध्ये 'तेनेब्रे' केला तोवर अमेरिकी लाट शिगेला पोहोचली होती, आणि काही वर्षांत तीही त्याच त्या खुनांनी स्वतःला कंटाळली.

१९९६ साली वेस क्रेव्हनने केव्हिन विल्यमसनच्या पटकथेवरून 'स्क्रीम' केला. त्यातली पात्रं स्लॅशर पाहून वाढलेली आहेत आणि त्याचे नियम बोलून दाखवतात, याचीच सगळीकडे चर्चा झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. 'कोण?' हा प्रश्न परत आला. आधी नायिका सिडनीच्या प्रियकरावर, बिलीवर, संशय येतो, पोलीस त्याला कोठडीत टाकतात, आणि तो आत असतानाच सिडनीला खुन्याचा फोन येतो. अर्थात तो निर्दोष! खुनी दोघे आहेत हे शेवटी कळतं. हा डाव बावाचा आहे. 'ब्लड अँड ब्लॅक लेस'मध्ये इन्स्पेक्टर सगळ्या संशयित पुरुषांना अडकवून ठेवतो, त्याच काळात आणखी एक खून पडतो आणि सगळे सुटतात. दुसरा खुनी बाहेर होता, आणि तो पुरुष नव्हता.

सिडनीच्या कथेचा गाभा मात्र आर्जेन्तोचा आहे. वर्षभरापूर्वी तिच्या आईचा खून झाला. कॉटन वीरी नावाच्या माणसाला घरातून जाताना तिने पाहिलं आणि न्यायालयात तशी साक्ष दिली. तो फाशीच्या वाटेवर आहे. वार्ताहर गेल तिला सांगते, की तू कॉटनला पाहिलं नाहीस, त्याचा कोट घातलेल्या कुणाला तरी पाहिलंस. सिडनी ते ऐकायला तयार नाही, पण तेव्हापासून ती स्वस्थ नाही. त्यापुढे तिला वाचायचं तर आहेच. त्याआधी तिला त्या रात्री दिसलेला कोट आठवणीतून बाहेर काढून पुन्हा पाहायचा आहे, आत मान कुणाची होती हे ओळखण्यासाठी.